मिटकऱ्यांच्या गोदामातला समुद्र

गुरुलिंग अप्पा मिटकरींना खरा संशय आला तो मिठावरून.

मांजरसुंब्याच्या चौकातून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचं किराणा दुकान. पुढं दुकान, वर राहायचं घर आणि मागं दगडी भिंतींचं गोदाम. माघ महिन्यात ते गोदाम त्यांनी सत्यशीला डोंगरे नावाच्या बाईला भाड्यानं दिलं. बाई मूळची वडवणीची, तिशीतली, बीडच्या एका कॉलेजात तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवणारी. चार वर्षं रत्नागिरीला राहून तिनं समुद्रातल्या किड्यांवर संशोधन केलं होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून काम अर्धवट ठेवून ती बीडला घरी परत आली होती आणि उरलेलं काम आता इथंच पुरं करणार होती.

"समुद्रातले किडे," अप्पा बायकोला म्हणाले, "अन् मांजरसुंब्यात?"

"संगं घेऊन आलीय म्हणं," शांतादेवी म्हणाल्या. "थर्मासात."

अप्पांना हे पटलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी हेच गोदाम त्यांनी एका परगावच्या माणसाला दिलं होतं. बिस्किटांची खोकी ठेवतो म्हणाला आणि खोक्यांतून निघाला गुटखा. तो पळाला. अप्पांना मात्र दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं. गळ्यात लिंग असलेला, उभ्या जन्मात विडीला हात न लावलेला माणूस, आणि येणारा-जाणारा विचारतोय, "अप्पा, तुमी हितं कसे?" तेव्हापासून गोदाम रिकामंच होतं. बाईमाणूस आहे, शिकलेली आहे, असं म्हणून शांतादेवींनी धोशा लावला तेव्हा कुठं त्यांनी हो म्हटलं.

सत्यशीलाच्या अटीही विचित्र होत्या. खिडक्यांना आतून काळा कागद. दाराला तिचं स्वतःचं कुलूप. आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात तिला न विचारता दार उघडायचं नाही.

"कावून?" अप्पांनी विचारलं.

"त्या वेळी आत रात्र असते, अप्पा."

तिनं समजावून सांगितलं. हे किडे अंधाऱ्या रात्रीच वर येतात, एकमेकांना शोधतात, अंडी सोडतात. रात्र-रात्र जागून सकाळी कॉलेज करणं जमत नाही. म्हणून तिनं त्यांचं घड्याळ उलटं केलं होतं. रात्रभर दिवे लावायचे आणि दिवसा अंधार करायचा. त्यांना काय, तेच खरं वाटतं. महिन्यातले काही दिवस त्या अंधारात एक बारीक बल्ब लावायचा, तो त्यांचा चंद्र. तो बंद केला की त्यांची अमावास्या.

शांतादेवी तोंडाला पदर लावून हसल्या. अप्पा हसले नाहीत. दिवसा अंधार आणि रात्री उजेड कुठल्या धंद्यात लागतो, ते आठवायचा प्रयत्न करीत राहिले.

मग मीठ आलं. टेम्पोतून पोती उतरताना अप्पा गल्ल्यावरून उठून बघायला गेले.

"मीठ आमच्याकडं न्हाई का?" ते म्हणाले. "खडे मीठ पायजे तर तेबी हाय."

"मला समुद्राचं पाणी बनवायचंय, अप्पा. नुसत्या मिठानं होत नाही," ती म्हणाली आणि हातातल्या पिशव्या आत घेऊन गेली. त्या पिशव्या कृषी केंद्रातल्या होत्या. पांढऱ्या पावडरीच्या. तीन वेगवेगळ्या, आणि एकीवरही पिकाचं नाव नव्हतं.

समोर अजिनाथचा ढाबा होता. अजिनाथ दुपारी गिऱ्हाईक नसलं की अप्पांच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचा. त्याच्या मोबाईलवर दिवसभर बातम्या चालू असत.

"अप्पा, हे बघा," एके दिवशी त्यानं मोबाईल पुढं केला. "शेतातल्या पत्र्याच्या शेडात एमडीचा कारखाना. पावडर असती नशेची. लई मोठी टोळी धरली. प्रयोगशाळा होती म्हणं शेडात. अन् बनवणारा कोण? केमिस्ट्रीचा मास्तर."

"मग?"

"मग काई न्हाई. तुमच्या बाईचं पार्सल आलतं पहाटे. पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं. थर्माकोलचा डबा, चारी बाजूंनी चिकटपट्टी. ड्रायव्हर म्हणला, हळू धर, आत जीव हाय. जीव! मी धरला तर थंडगार."

त्या दिवसापासून अप्पांचे कान गोदामाकडं लागले. दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये एक दार होतं. दुकानाच्या बाजूनं कडी आणि तिच्यासमोर साखरेची पोती. पोत्यांवर बसलं की पलीकडचं बारीक-बारीक ऐकू यायचं. पाण्यात बुडबुडे, काचेवर काच, आणि तिचा फोनवरचा आवाज.

शांतादेवींचं उलटंच चाललं होतं. त्या रोज चहा घेऊन जायच्या.

"मासे तर न्हाईत ना ग पोरी?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. घरात तसलं चालणार नव्हतं.

"नाही काकू. हे पालक खातात."

"पालक?"

मग शांतादेवी बाजारातून पालकाची जुडी जास्तीची आणू लागल्या. धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, वाटीत घालून द्यायच्या. संध्याकाळी सहानंतर, आत 'उजाडलं' की दोघी दारात बसून बोलायच्या. अप्पा विचारत, "काय बोलता एवढं?" त्या म्हणत, "तिच्या वडलाचं, माझ्या गुडघ्याचं. तुमाला काय करायचंय?"

चैत्रातल्या एका मंगळवारी अप्पा पोत्यांवर बसलेले असताना त्यांना तिचा फोन स्पष्ट ऐकू आला.

"हो सर, शुद्ध निघालंय. एक थेंब टाकला तरी वेडे होतात. नाही, इथं कुणाला कळत नाही त्यातलं. सोमवारच्या गाडीनं पुण्याला पाठवते. मी स्वतः ड्रायव्हरच्या हातात देईन."

एक थेंब. वेडे होतात. कुणाला कळत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं पोलीस ठाण्याचा बाक आला, आणि या वेळी बातमी गुटख्याची नसणार होती.

बुधवारी सकाळी ती कॉलेजला गेली. अकराच्या सुमाराला शांतादेवी वर स्वयंपाकाला गेल्यावर अप्पांनी साखरेची पोती बाजूला ओढली आणि मधल्या दाराची कडी काढली. पलीकडून एक रिकामं टेबल टेकलेलं होतं, ते ढकलताच सरकलं.

आत गच्च अंधार होता आणि ओल्या दोरखंडासारखा खारट वास. त्यांनी भिंत चाचपून ट्यूबलाइट लावली.

काचेचे वाडगे, ओळीनं मांडलेले, तीस-चाळीस तरी. दोन मोठ्या टाक्या. पिंपात पाणी. फळीवर पांढऱ्या पावडरीच्या बरण्या, तोलकाटा, बारीक नळ्या. वाडग्यांत उजेड पडताच काहीतरी सर्रकन तळाशी गेलं. अप्पांनी वाकून बघितलं. करंगळीएवढे किडे, दोन्ही अंगांना केसांसारखे पाय. म्हणजे किडे होते. पण किडे असले म्हणून बाकीचं खोटं कसं ठरतं? बिस्किटांची खोकीही खरीच होती, वरच्या थरात बिस्किटंही होती.

टेबलाखाली थर्माकोलचा डबा होता. त्यात बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध एकच बाटली, अंगठ्याएवढी. वर चिठ्ठी, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. पाण्यासारखं काहीतरी.

तेवढ्यात वरून शांतादेवींची हाक आली, "अवो, गॅसवाला आलाय!"

अप्पांनी बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली, टेबल जमेल तेवढं जवळ ओढलं, दार लावलं, कडी घातली आणि पोती पुन्हा लावली. ट्यूब आपण चालूच ठेवली हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते बीडच्या गाडीत बसले होते.

बाटली त्यांनी सोबत नेली नव्हती. खिशात सापडली तर आपल्यालाच धरतील, या भीतीनं त्यांनी ती दुकानाच्या पुढच्या पडवीत, वरच्या फळीवर, अगरबत्तीच्या पुड्यांमागं ठेवली होती. पत्र्याच्या उतरत्या छपराखाली ती फळी दुपारी तव्यासारखी तापायची.

बीडला ते विजयसिंह जमादारांना भेटले. गुटख्याच्या भानगडीत याच जमादारांनी त्यांना पाणी दिलं होतं, जबाब नीट लिहून घेतला होता. अप्पांनी मीठ, पावडर, पार्सल, फोन सगळं सांगितलं. बाटलीचं सांगितलं नाही.

"बघू," जमादार म्हणाले. "भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली होती का?"

"न्हाई दिली."

"तर मग भाडेकरू तपासायला म्हणून उद्या येतो. आरडाओरडा करू नका. नसलं काही तर बाईची बदनामी व्हायची."

गुरुवारी दुपारी दोन वाजता जमादार साध्या कपड्यांत आले. अप्पांनी गोदामाचं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. "अप्पा, आत्ता नाही उघडता येणार. सहानंतर."

"पोलीस आलेत," अप्पा म्हणाले.

मग दार फटीएवढं उघडलं. आत तिनं एक काळा पडदा लावला होता, त्याच्यामागं ती उभी होती. डोळे लाल, चेहरा ओढलेला. काल दुपारी येऊन बघते तो आत ट्यूब जळत होती. किड्यांच्या ऐन रात्री दोन तास लख्ख उजेड. तेव्हापासून ती वाडगे तपासत होती आणि ट्यूब आपणच तर विसरलो नाही ना, हे आठवत होती.

"या," ती म्हणाली. "पण एकेक जण, पडदा न उचलता. आणि मोबाईल बाहेर ठेवा."

अप्पांना वाटलं, आता सापडली. मोबाईल कावून नको? शांतादेवी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आल्या. चौघं आत उभे राहिले. एक मिणमिणता तांबडा दिवा होता, बाकी काळोख.

"डोळे सरावू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला काय संशय आहे ते मला माहीत नाही. मी काय करते ते दाखवते."

जमादारांनी बरण्यांवरची नावं वाचून घेतली, पावडरींच्या पावत्या मागितल्या. तिनं फाईल काढून दिली. विद्यापीठाचं पत्र होतं, रत्नागिरीच्या तिच्या सरांचं पत्र होतं. मग तिनं दोन वाडगे पुढं ओढले.

"ही मादी. पिवळी दिसतेय ना, ती अंड्यांनी भरलीय. आणि या दुसऱ्या वाडग्यात नर. पुढून पांढरा, मागून लाल. अंडी भरली, बी तयार झालं की हे खाणं सोडतात. आतडीसुद्धा विरघळून जातात. एकच रात्र असते त्यांची, नंतर मरतात. एवढ्या मोठ्या समुद्रात, अंधारात, एका रात्रीत जोडीदार कसा सापडायचा?"

शांतादेवी वाडग्यावर वाकल्या.

"मादी पाण्यात एक रसायन सोडते. वासच म्हणा. तो नराला लागला की झालं. बघा आता, मादी मी देत नाही. तिचं नुसतं पाणी देते."

तिनं मादीच्या वाडग्यातलं पाणी नळीनं ओढलं आणि नराच्या वाडग्यात थेंब-दोन थेंब सोडलं. तोवर तळाशी निवांत फिरणारा तो किडा एकदम वर उसळला आणि गरागरा फिरायला लागला, इतक्या बारीक वर्तुळात की त्याचा आकारच दिसेना. मग त्याच्या अंगातून दुधासारखा पांढरा ढग निघाला आणि पाण्यात पसरला.

"आई ग," शांतादेवी म्हणाल्या.

"तिथं कुणीच नाही," जमादार हळू आवाजात म्हणाले. "नुसत्या वासावर?"

"नुसत्या वासावर." पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडा जीव आला. "अशा शेकडो माद्यांच्या पाण्यातून मी ते रसायन वेगळं काढलंय. रत्नागिरीचे आठ महिने आणि इथले तीन, त्यातून एक बाटली भरलीय. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली की त्यात नेमकं काय आहे ते कळेल. थांबा, दाखवते."

तिनं टेबलाखालचा डबा ओढला, झाकण काढलं, बर्फाच्या पिशव्या उचलल्या. एकेक करून सगळ्या बाहेर काढल्या. मग डबाच उपडा केला.

बाटली त्यात नव्हती.

"काल इथं कुणीतरी आलं होतं," ती म्हणाली. "ट्यूब चालू होती. मला वाटलं, मीच विसरले असेन. मी विसरले नव्हते."

जमादारांनी दार तपासलं. कुलूप शाबूत. मग मधलं दार बघितलं. "हे दुकानात उघडतं?"

"हो, पण पलीकडून पोती हायेत," अप्पा म्हणाले. आपला आवाज इतका सरळ निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "अन् मी काल बीडला गेलतो. तुमच्याकडंच आलतो की, जमादार."

"आला होता, खरं आहे," जमादार म्हणाले. "मग दुकानात कोण होतं?"

दुकानात शांतादेवी होत्या. कुणी तसं म्हटलं नाही. सत्यशीलानं फक्त मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि शांतादेवींनी अप्पांकडं. अप्पांनी खाली, आपल्या पायांकडं बघितलं.

"तक्रार द्यायचीय?" जमादारांनी विचारलं.

"नाही," सत्यशीला म्हणाली. "बर्फातून बाहेर एक दिवस राहिली की त्या बाटलीत नुसतं पाणी उरतं. ज्यानं नेली त्याला आता तिचा काही उपयोग नाही. मलाही नाही."

जमादार गेले. जाताना अप्पांना म्हणाले, "चांगली बाई आहे. उगाच घाबरलात तुम्ही."

त्या संध्याकाळी अप्पांनी अगरबत्तीच्या मागून बाटली काढली. ती कोमट झाली होती. तरीही त्यांनी ती थंड पेयांच्या फ्रीजमध्ये, ताकाच्या पिशव्यांमागं ठेवली. गार झाली की पुन्हा तीच होईल, अशी काहीतरी वेडी आशा होती. मोका साधून परत डब्यात ठेवू, मग तिलाच वाटेल की नजरचूक झाली. पण दुसऱ्या दिवशी मधल्या दाराच्या पलीकडून ठोकाठोकीचा आवाज आला. तिनं आतून दोन जाड कड्या बसवल्या होत्या.

चहा बंद झाला. शांतादेवी कप घेऊन गेल्या की ती दारातूनच म्हणायची, "नको काकू, घेऊन आले मी." पालकाची वाटी तशीच परत आली. सहानंतर ती दारात बसेना, आत बसून कडी लावून घेई.

"अवो, कावून असं करती ती?" शांतादेवींनी विचारलं. "माझं काई चुकलं का?"

"कामात असंल," अप्पा म्हणाले.

पाच दिवस असेच गेले. मंगळवारी दुपारी, कॉलेजमधून आल्यावर, सत्यशीला दुकानात आली. शांतादेवी गल्ल्यावर होत्या, अप्पा वर जाणाऱ्या जिन्यात. तिनं आवाज खाली आणला, पण अप्पांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"काकू, एक विचारते. तुम्ही सहज म्हणून आत गेला असाल, बाटली बघायला घेतली असेल, हातातून पडली असेल, तर सांगा मला. मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे. कोण येतं आणि कशासाठी येतं, हेच कळेना झालंय. रात्री झोप येत नाही मला. बीडला घरी बसून सारखं वाटतं, आत्ता कुणीतरी आत असेल."

शांतादेवींनी गल्ल्याचा खण लावला.

"मी चोर हाय असं वाटतं का ग तुला?"

"मी चोर म्हणत नाही, काकू."

"म्हणलीस."

सत्यशीला निघून गेली. अप्पा जिन्यातच थांबले. चार पायऱ्या उतरल्या असत्या तर झालं असतं. ते चार पायऱ्या वर चढले.

दुपारी चारच्या सुमाराला एका गिऱ्हाइकानं ताक मागितलं. शांतादेवींनी फ्रीज उघडला, पिशव्या सरकवल्या. गिऱ्हाईक गेलं. त्यांनी अप्पांना खाली हाक मारली आणि बाटली गल्ल्यावर, त्यांच्यासमोर ठेवली.

अप्पा बोलायला गेले, "अगं, मला वाटलं, त्या गुटख्यावानी परत..."

"मला नका सांगू," शांतादेवी म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "हे तुमी नेऊन द्या. मी दिली तर मीच चोर ठरते."

अप्पांनी बाटली मुठीत घेतली आणि दुकानाला वळसा घालून ते गोदामाच्या दाराशी गेले. दार वाजवलं.

"सहानंतर," आतून आवाज आला.

"मी अप्पा हाय. बोलायचंय."

"आत माद्या वर आल्यात, अप्पा. आता नाही उघडणार. सहा वाजता या."

परत दुकानात जायचं म्हणजे शांतादेवींसमोर जायचं. ते दारासमोरच्या दगडावर बसले. उन्हं उतरत नव्हती. अजिनाथ रस्ता ओलांडून आला.

"काय अप्पा, पहारा? सापडलं का काई?"

"जा तू," अप्पा म्हणाले.

"हातात काय हाय?"

"जा म्हणलं ना बे!"

अजिनाथ गेला, पण ढाब्यातून बघत राहिला. अप्पा इतक्या वर्षांत त्याला कधी असं तोडून बोलले नव्हते. दीड तास ते तिथं बसून होते. काय बोलायचं ते चार प्रकारे ठरवलं. चारही प्रकारांत शेवटी गुटखा येत होता, बाक येत होता, आपली भीती येत होती. कुठल्याच प्रकारात शांतादेवी येत नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दार उघडलं.

अप्पांनी मूठ उघडून पुढं केली.

"मी नेली होती," ते म्हणाले. "बुधवारी. तिला काई माहीत न्हाई."

सत्यशीलानं बाटली घेतली नाही.

"जमादार होते तेव्हा तुमच्याकडंच होती?"

"व्हय."

"मघाशी मी काकूंना विचारलं, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"जिन्यात."

"म्हणजे ऐकलं तुम्ही."

"ऐकलं."

तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. "मी काकूंच्या तोंडावर बोलले, अप्पा. माझ्या आईनं केलं नसतं एवढं केलं त्यांनी माझ्यासाठी, आणि मी..." मग आवाज कडक झाला. "हे सगळं इथून हलवता आलं असतं तर मी आज रात्रीच गेले असते. पण हलवलं तर मरतील. ते मधलं दार बुजवून घ्या. विटांनी. उद्याच."

"घेतो."

"आणि तुम्ही आत यायचं नाही."

ती दुकानात गेली. अप्पा बाहेरच थांबले. आतून बराच वेळ दोघींचा आवाज आला, आधी एकीचाच, मग दोघींचा.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. विटा अप्पांनी स्वतः उचलून दिल्या. त्याच दिवशी तिनं त्या बाटलीतला थेंब एका नराला देऊन बघितला. शांतादेवी आत होत्या. बाहेर येऊन त्यांनी अप्पांना एवढंच सांगितलं, "हलला न्हाई."

तिच्या सरांनी फोनवर तिला खूप सुनावलं म्हणे. विद्यापीठाला मुदतवाढीचा अर्ज गेला. कारण म्हणून तिनं लिहिलं, 'भाड्याच्या जागेत नमुना खराब झाला.' अप्पांचं नाव लिहिलं नाही. चार महिन्यांची मुदत मिळाली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी माद्या मोजायला शांतादेवी होत्या. म्हातारपणाला आलेले डोळे, पण अंधारात त्यांना पिवळी मादी आधी दिसायची. रोज दुपारी दोन ते पाच त्या गोदामात असत आणि अप्पा दुकानात एकटे.

गावात निराळंच पसरलं होतं. जमादार येऊन गेले, काही धरलं नाही, म्हणजे अप्पांनी मिटवलं, असं अजिनाथच्या ढाब्यावर बोललं जाई. काही गिऱ्हाइकं सामान घेताना मान उंच करून मागं गोदामाकडं बघत. अप्पा एकदा-दोनदा समजावून सांगायला गेले. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत त्यांना दिसलं की हा माणूस आपलं बोलणं ऐकत नाही, आपला चेहरा वाचतोय. मग त्यांनी नाद सोडला.

शांतादेवी घरात कामापुरतं बोलत. ज्येष्ठात एकदा कपिलधारला दर्शनाला गेले असताना, मंदिराच्या पायऱ्यांवर, अप्पांनी विचारलं, "किती दिवस असं?"

"बाटलीचं मी समजून घेतलं असतं," शांतादेवी म्हणाल्या. "तुमी भ्यालात. भिणारच. दिवसभर बसवलं होतं तुमाला. पण जमादारासमोर ती पोर माझ्याकडं बघाया लागली, तवा तुमी खाली बघितलंत. बेचाळीस वर्षं झाली. मला वाटायचं, कुणी माझ्यावर बोट ठेवलं तर हा माणूस मधी पडंल."

अप्पांनी पूजेची पिशवी उचलली आणि ते पायऱ्या उतरू लागले.

श्रावणाच्या शेवटी दुसरी बाटली भरली. बर्फाच्या डब्यातून ती पुण्याच्या गाडीनं गेली. सत्यशीला आणि शांतादेवी दोघी पहाटे चौकात उभं राहून ड्रायव्हरच्या हातात देऊन आल्या. महिन्याभरानं पुण्याहून कागद आला. दोन रसायनं निघाली होती, त्यातलं एक त्या जातीच्या किड्यात आधी कुणी नोंदलेलं नव्हतं. दिवाळीनंतर रत्नागिरीला तिची पीएच.डी.ची शेवटची मुलाखत ठरली.

"काकूंना घेऊन जाते," तिनं दुकानात येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती अप्पांच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हती, अजूनही.

शांतादेवी गेल्या. दोन दिवस फोन नाही. अप्पा गल्ल्यावर बसून राहिले. मुलाखत कशी झाली, शांतादेवी कुठं उतरल्या, त्या परत आल्यावर तरी नीट बोलतील का, की ही पोरगी तिकडं त्यांचे कान भरते आहे, असे नाही नाही ते विचार डोक्यात येत होते. ते येतात हे त्यांना कळत होतं आणि कळूनही थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागं कसला तरी मोठा, न थांबणारा आवाज होता.

"झालं तिचं," शांतादेवी ओरडून बोलत होत्या. "पास झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. अन् आमी आता समुद्रावर हाव."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. "लई बरं झालं."

तो आवाज तेवढा येत राहिला. अप्पांना वाटलं, आता त्या फोन ठेवतील.

"जेवलात का?" शांतादेवींनी विचारलं.

चैत्रापासून त्यांनी हे विचारलं नव्हतं. सवयीनं विचारलं की मनापासून, हे आवाजावरून कळेना. 'हो' म्हणून मोकळं व्हावं असं अप्पांना वाटलं.

"न्हाई अजून," ते म्हणाले. "दोन दिवस दुकानातलेच फुटाणे खातोय."

"डब्यात धपाटे ठेवलेत, वरच्या फळीवर," शांतादेवी म्हणाल्या. "खराब न्हाई झालेले. जेवा."